४१५६१२ कशी हाताळावी : नवशिक्यांसाठी

ज्यांनी आजवर ४१५६१२ ही संख्या पत्त्याच्या शेवटी मुकाट लिहिली आणि पाकीट पेटीत टाकलं, त्यांच्यासाठी ही पुस्तिका आहे. रत्नागिरीतल्या बहुतेकांचं या संख्येशी नातं मुंबईच्या फ्लॅटमधल्या शेजाऱ्यासारखं असतं: दारावरची पाटी रोज वाचायची, पण आत माणसं किती, मूळची कुठली, याचा पत्ता नाही. गावातल्या खऱ्या शेजाऱ्याच्या बाबतीत आपण इतकी हयगय कधी करत नाही. त्याच्या आजोळापर्यंतची माहिती आपल्याकडे असते. तेवढीच चौकशी या संख्येची करायची आहे, आणि तीही तिला न दुखवता.

संख्या मोठी आहे का, असं नवशिक्या हमखास विचारतो. गणितातली मंडळी या प्रश्नावर हसतील. त्यांच्याकडे चार कोटींहून अधिक अंकांची मूळ संख्या आहे. ती नुसती वाचायला घेतली तर वर्ष सरेल. आपण आपल्यापुरती व्याख्या करू: जिचे अवयव तोंडी सांगता येत नाहीत ती मोठी. चार लाख पंधरा हजार सहाशे बाराचे अवयव कोणी तोंडी सांगत असेल तर त्याने ही पुस्तिका इथेच ठेवून द्यावी.

साहित्य: पेन्सिल, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू (त्या कोकणात मे महिन्याअखेर भरपूर साठतात) आणि पावसाळ्यातली एक संध्याकाळ. वीज गेलेली असेल तर उत्तम. मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर वर्ज्य नाही, पण तो उत्तर सांगतो, कारण सांगत नाही. आणि आपण कारणासाठी बसलो आहोत.

आधी कुळाची चौकशी: ४१५६१२ हा रत्नागिरी शहराचा पिनकोड. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती बसवली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. ते तेव्हा केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव होते. एकाच नावाची गावं, दहा लिप्यांतले पत्ते आणि डॉक्टरांच्या तोडीचं अक्षर, या तिन्हींवर सहा अंकांचा उतारा. एक खेड आपल्या जिल्ह्यात आणि एक पुण्याच्या, हे ज्याला माहीत आहे त्याला ही गरज वेगळी समजावून सांगायला नको. पहिला ४ महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा. पहिले तीन अंक मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा ठरतो, आणि इथे रत्नागिरीकराने मन घट्ट करावं: ४१५ हा सातारा. ४१५००१ म्हणजे सातारा शहर. आपण पोस्टाच्या हिशेबात घाटावरच्या थैलीत आहोत. लांजा-राजापूरवाल्यांनी हसू नये, ते ४१६ मध्ये म्हणजे कोल्हापूरच्या थैलीत आहेत. शेवटचे ६१२ तेवढे आपले.

वेलणकर संस्कृतचे कवी होते ही माहिती इथे उगाच दिलेली नाही. त्यांनी विलोमकाव्य रचलं: सुलट वाचलं की रामाची स्तुती, उलट वाचलं की कृष्णाची. म्हणून पहिला धडा त्यांच्याच रीतीने. संख्या उलटी लिहा, २१६५१४. दोन्हींची बेरीज करा, ६३२१२६. ही उलटी केली की ६२१२३६, बेरीज १२५३३६२. पुन्हा उलटी, २६३३५२१, बेरीज ३८८६८८३. आता थांबा, कारण ही डावीकडून वाचा की उजवीकडून, एकच आहे. तीन बेरजांत काम झालं. सगळ्याच संख्या इतक्या समंजस नसतात. १९६ घेऊन बसाल तर उठणार नाही. संगणकांनी कोट्यवधी अंकांपर्यंत बेरजा केल्या, तरी ती सुलट-उलट एक झालेली नाही, आणि कधीच होणार नाही असंही कोणाला सिद्ध करता आलेलं नाही. नवशिक्याने १९६ च्या नादी लागू नये. ती पुढे एकदा भेटणार आहे, पण वेगळ्या कामासाठी.

दुसरा धडा भागाकाराचा. यात कंटाळा आहे हे आधीच सांगतो. शेवटचे दोन अंक १२, त्यांना चारने भाग जातो, म्हणून सबंध संख्येलाही जातो: ४१५६१२ = ४ × १०३९०३. पुढे नवशिक्याचा हात थबकतो. १०३९०३ विषम आहे, अंकांची बेरीज १६ म्हणजे ३ चालत नाही, शेवटी ३ म्हणजे ५ चालत नाही. सात, अकरा आणि तेरासाठी एक आडवाट आहे. ७ × ११ × १३ म्हणजे १००१. म्हणून सहा अंकी संख्येचे मधोमध दोन तुकडे करायचे आणि एकातून दुसरा वजा करायचा: ६१२ मधून ४१५ गेले, उरले १९७. या १९७ ला ७, ११, १३ यांपैकी कोणीही भागत नाही, तेव्हा ४१५६१२ लाही भागत नाही. तिघांना एका वजाबाकीत घरी पाठवलं. हीच तुकड्यांची बेरीज केली तर १०२७ येते आणि ३७ चा प्रश्न मिटतो, कारण ९९९ म्हणजे २७ × ३७.

त्यानंतर मात्र आडवाट नाही. १०३९०३ चं वर्गमूळ ३२२ च्या किंचित पुढे आहे, म्हणून ३१७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. अशा ६६ आहेत. ४१ ने भागा, ९ उरतात. १८१ ने भागा, पुन्हा ९ उरतात. १९१ ला तर एकच कमी पडतो: १९१ × ५४४ म्हणजे १०३९०४. इथे बरेच जण टेबलावर हात आपटतात. ३१७ पर्यंत गेलात तरी भाग जात नाही. १०३९०३ मूळ संख्या आहे.

याचा अर्थ काय? ४१५६१२ चे विभाजक फक्त सहा: १, २, ४, १०३९०३, २०७८०६ आणि ती स्वतः. म्हणजे इतक्या थोराड संख्येत एक चार आणि एक अभेद्य कातळ, बस. खाली जांभा, त्यावर शहर, हे इथल्या माणसाला नवीन नाही. तुलनेसाठी एक पाऊल मागचा पिनकोड पाहा, ४१५६११ संगमेश्वर: ३ × ३ × ३ × ३ × ७ × ७३३. हात लावला की सुटतो, वीस विभाजक. दापोलीचा ४१५७१२ म्हणजे पाच वेळा २, मग ११ आणि ११८१. चोवीस विभाजक, कोणालाही नाही म्हणत नाही. रत्नागिरी शहराचा स्वभाव वेगळा पडतो. मी यातून काही सुचवत नाही. अंकज्योतिषी सुचवतात: ४, १, ५, ६, १, २ यांची बेरीज १९, तिची १०, तिची १, म्हणून सूर्य, म्हणून नेतृत्व. असं कोणी सांगू लागल्यास त्याला १०३९०३ चे अवयव पाडायला बसवावं.

तिसऱ्या धड्यासाठी गुरू हवा, आणि तो नाशिकजवळच्या देवळालीत होता. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणूचा, १९०५. १९३० ते १९६२ शाळेत मास्तर. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात खुर्ची नाही. सगळं गणित वहीत. इथल्या मोठ्या गणितज्ञांनी त्यांना फारसं मनावर घेतलं नाही. अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनरने १९७५ मध्ये त्यांच्यावर लिहिलं तेव्हा जगाला नाव कळलं. पण आपल्या जिल्ह्याने त्याआधीच एक हात दिला होता, अप्रत्यक्ष का होईना. १९२७ मध्ये, फर्ग्युसनमध्ये शिकत असताना, कापरेकरांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं. हे रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे दापोलीजवळच्या मुर्डीचे. १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय.

कापरेकरांचा खेळ असा: संख्येचे अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, मोठीतून लहान वजा करा, आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा. चार अंकी संख्या, सगळे अंक सारखे नसतील तर, अखेर ६१७४ वर येऊन थांबते. लोकमान्यांचं जन्मसाल घ्या. ते रत्नागिरीत जन्मले आणि पुढे गणित शिकवलंही. १८५६: ८६५१ वजा १५६८ म्हणजे ७०८३. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. यापुढे कितीही वेळा केलं तरी ६१७४ च.

सहा अंकी संख्यांना मात्र एकच मुक्काम नाही. काही ५४९९४५ वर थांबतात, काही ६३१७६४ वर, आणि काही थांबतच नाहीत. ४१५६१२ चं काय होतं ते स्वतः करा, मी फक्त टप्पे देतो: ५४१७५५, ६०९९८४, ९५१७४१, ८६०८३२. इथवर चार वजाबाक्या. पुढे ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, आणि मग पुन्हा ८६०८३२. सातांचं चक्र, त्यात शिरलं की बाहेर नाही. नवशिक्याने अकराव्या वजाबाकीला थांबण्याचा स्वतः निर्णय घ्यावा. कागद थांबवत नाही.

कापरेकरांनी अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला हर्षद म्हटलं, म्हणजे आनंद देणारी. ४१५६१२ ला १९ ने भागा: बाकी ६. हर्षद नाही. रत्नागिरीकराला सहजासहजी हर्ष होत नाही हे जगजाहीर आहे, पण मग मी चिपळूण (४१५६०५), खेड (४१५७०९), दापोली (४१५७१२), गुहागर (४१५७०३), संगमेश्वर (४१५६११) आणि देवरुख (४१५८०४) हेही भागून पाहिले. एकही हर्षद निघत नाही. यावर भाष्य करण्याचा मोह आवरतो.

त्याची भरपाई पुढच्या गुणधर्मात होते. कोणतीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, एक नवी संख्या जन्माला येते. २१ पासून २४, २४ पासून ३०. आता उलट विचारा: अमुक संख्या कोणापासून जन्मली? काहींना उत्तरच नसतं. अशांना कापरेकरांनी आपल्या गावावरून देवळाली संख्या म्हटलं. आपण स्वयंभू म्हणू. त्यांची दाटी दहांत जेमतेम एक.

४१५६१२ चा जन्मदाता शोधायचा असेल तर नऊची युक्ती वापरा. संख्येला नऊने भागून जी बाकी उरते तीच तिच्या अंकांच्या बेरजेलाही उरते. म्हणून जन्मदाता आणि त्याची बेरीज मिळून बाकी दुप्पट होते. ४१५६१२ ला बाकी १. दुप्पट करून १ उरणारी बाकी एकच, ५. सहा अंकांची बेरीज ५४ च्या वर जात नाही. म्हणजे जन्मदात्याच्या अंकांची बेरीज ५, १४, २३, ३२, ४१ किंवा ५० असणार. सहा उमेदवार, सहाही तपासा. ४१५६०७ ची बेरीज ५ हवी, आहे २३. ४१५५९८ ची १४ हवी, आहे ३२. ४१५५८९ ची २३ हवी, आहे ३२. ४१५५८० ची ३२ हवी, आहे २३. ४१५५७१ आणि ४१५५६२ यांच्याही २३, त्याही नाहीत. उमेदवार संपले. रत्नागिरीचा पिनकोड स्वयंभू आहे.

आता गणपतीपुळे, ४१५६१५. तिथला गणपती स्वयंभू, सर्वांना मान्य. पिनकोड? ४१५५८६ च्या अंकांची बेरीज २९, आणि ४१५५८६ + २९ = ४१५६१५. नाही. भाविकांनी मनावर घेऊ नये. हा पोस्टाचा विषय आहे.

इथवर आल्यावर शहाणा नवशिक्या एक शंका काढतो: हे सगळं आपण दहाच्या पटीत अंक लिहितो म्हणून ना? बरोबर. हाताला आठ बोटं असती तर उलट-सुलट बेरीज, सातांचं चक्र, हर्षद, स्वयंभू, सगळं बदललं असतं. केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी असल्या गमतींना गंभीर गणित म्हणायला तयार नव्हते. ८७१२ ही उलट केलेल्या २१७८ ची चौपट आणि ९८०१ ही १०८९ ची नऊपट, असे चमत्कार कोड्यांच्या सदराला शोभतात, गणितज्ञाला त्यात काही नाही, अशा अर्थाचं त्यांनी लिहून ठेवलं आहे. मला हार्डींचं म्हणणं पटतं आणि त्यांचा तोरा पटत नाही. कापरेकरांच्या दारातून आत आलेला पोरगा पुढे कुठल्या खोलीत जाईल हे दारावर उभं राहून सांगता येत नाही. पण ज्याला बोटांशी देणंघेणं नसलेला गुणधर्म हवा, त्याच्यासाठी चौथा धडा आहे, आणि खरं सांगायचं तर ही सगळी पुस्तिका त्याच्यासाठी लिहिली.

प्रश्न साधा: ४१५६१२ ही किती पूर्ण वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येईल, कमीत कमी?

हावरटपणे सुरू करा. मावेल तेवढा मोठा वर्ग घ्या: ६४४ × ६४४ = ४१४७३६. उरले ८७६. त्यात पुन्हा मोठ्यात मोठा २९ चा, ८४१. उरले ३५: २५, ९, १. एकूण पाच वर्ग लागले. दुसऱ्यांदा थोडा धीर धरा आणि २९ ऐवजी २६ घ्या: ६७६. उरले २००, म्हणजे १९६ आणि ४. (१९६ भेटली, १४ चा वर्ग म्हणून.) आता ६४४, २६, १४ आणि २, असे चार वर्ग. ४१४७३६ + ६७६ + १९६ + ४ = ४१५६१२, ताळा करून घ्या.

तीनात होईल का? इथे नवशिक्या आठवडाभर बसू शकतो, आणि बसला तरी होणार नाही. कारण पुढे दिलं आहे, आणि ते सातवीतल्या मुलाला कळेल.

कुठलाही वर्ग आठने भागला की बाकी ०, १ किंवा ४ येते. विषम संख्येच्या वर्गाला नेहमी १, सम संख्येच्या वर्गाला ० किंवा ४. या तिघांतून कोणतेही तीन घ्या, एकच पुन्हा घेतला तरी चालेल, आणि बेरजेची बाकी ७ करून दाखवा. ४, १, १ चे सहा होतात. ४, ४, १ चे नऊ, म्हणजे बाकी १. सात होत नाहीत. म्हणून आठने भागून ७ उरणारी संख्या तीन वर्गांत कधीच बसत नाही. १०३९०३ ला आठने भागा: बाकी ७.

पण आपली संख्या १०३९०३ नाही, तिची चौपट आहे; तिला आठने भागून ४ उरतात, आणि ४ तर सहज होतात. पळवाट सापडली असं वाटेल. ती अशी बंद होते. समजा तीन वर्गांची बेरीज ४१५६१२ झाली. तिला चारने भाग जातो. विषम वर्गाला चारने भागून १ उरतो, सम वर्गाला ०. तिघांत एक, दोन किंवा तीन विषम असले तर बाकी १, २ किंवा ३ येईल, शून्य येणार नाही. म्हणजे तिघेही सम. मग तिघांना निम्मं करा. वर्ग चौथाई होतात आणि बेरीज १०३९०३ होते. तीन वर्गांची बेरीज १०३९०३! ते तर अशक्य ठरवून झालं. पळवाट बंद.

लाग्रांजने १७७० मध्ये सिद्ध केलं की कुठलीही पूर्ण संख्या जास्तीत जास्त चार वर्गांत भागते, पाचवा कोणालाच लागत नाही. आणि ज्यांना चौथा लागतोच त्या कोणत्या, तर चारने जितक्या वेळा भाग जाईल तितक्या वेळा भागून, मग आठने भागून ७ उरतात त्या. बाकी सगळ्या तीनात किंवा त्याहून कमीत बसतात, हे लजांद्रने दाखवलं. अशा हट्टी संख्या सरासरीने सहांत एक. ४१५६१२ त्यांतली. हा गुणधर्म कुठल्याही लिपीत, कितीही बोटांच्या हातांनी मोजला तरी तसाच राहतो. पिनकोड उद्या रद्द झाला तरी राहील. वेलणकरांच्या योजनेत तो नव्हता, पोस्टाला तो माहीत नाही, आणि पत्र पोचायला त्याचा काडीचा उपयोग नाही.

गृहपाठ एकच. देवरुखचा ४१५८०४ घ्या. चारने भागा, उत्तराला आठने भागा, ७ उरतील; म्हणजे देवरुखलाही चारपेक्षा कमीत भागत नाही. ते चार वर्ग शोधा. एक मांडणी ६४४ नेच सुरू होते आणि उरलेल्या तिघांत दोन जुळे निघतात. दुसरी सापडली तर तीही ग्राह्य. उत्तर देवरुखच्या नातेवाइकांना पोस्टकार्डावर कळवायला हरकत नाही, मात्र पत्त्याच्या शेवटी चारही वर्गांची बेरीज करूनच लिहा. वर्गीकरणाच्या टेबलावर ती करत बसायला कोणाला वेळ नसतो.